डावखुऱ्याच्या चाव्या

निपाणी, रविवार, ९ मार्च १९८६

भीमसेन अण्णा,

जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची मला सवय आहे. या वेळी ते मुद्दाम गाळलं आहे.

हे पत्र तुला आज मिळणार नाही. चौदा एप्रिलचा गाण्याचा मुकाबला झाला की मिळेल. तोवर ते माझ्या पर्समध्ये राहील आणि वाढत जाईल. आधी हातात पडलं तर तू काहीतरी निमित्त काढून येणार नाहीस, आणि तू यायलाच हवास.

काल जयंती कमिटीचे भीमाप्पा काका घरी आले होते. आप्पा नुकतेच वखारीतून आले होते, दारात बसून अंगावरचा तंबाखूचा धुरळा झटकत होते. काका म्हणाले, "आण्णाप्पा, यंदा दुपारनं मुकाबला ठेवलाय. तुमच्या पार्टीम्होरं कोल्लापूरची पार्टी येणार."

"येऊ द्या की. कंची?"

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "तुझ्या थोरल्याची."

आई चुलीपुढून उठली, आत गेली, आणि काहीच न घेता परत चुलीपुढं येऊन बसली. मग काकांनी तुझा निरोप सांगितला. तो जसाच्या तसा लिहिते, म्हणजे 'मी असं म्हणलो न्हवतो' असं तुला नंतर म्हणता येणार नाही. "आप्पांच्याकडं आता बेस वाजवणारं कोण हाय? नसंल तर आमचा घेऊन येतो म्हणावं. दोन्ही पार्ट्यांस्नी हुईल."

कोल्हापुरात राहून तू आपली रीत विसरला नसशील. मुकाबल्यात वाद्यांचा साज एकच असतो, यजमानाचा. पाहुणे फक्त गळा आणि बोटं घेऊन येतात, म्हणजे चांगल्या साजामुळं जिंकले असं कुणाला म्हणता येत नाही. यजमानाचा साज अपुरा निघाला तर पाहुण्यानं आपला आणायचा. पण मग यजमान पहिलं गाणं लागायच्या आधीच हरलेला असतो, आणि तेही आपल्या मैदानावर, आपल्याच माणसांपुढं. हे सगळं ठाऊक असून तू निरोप धाडलास.

मी मधेच बोलले. "काका, कोल्हापूरला कळवा. आमचा बेस तयार असेल."

काका माझ्याकडं बघत राहिले. "तयार असंल म्हणजे? त्या लाकडाला चाव्या कुटं हायत, बाई?"

"बसवून घेते."

"कुणाकडनं?"

"मीच बसवणार आहे."

आप्पांनी वर बघितलं. नको म्हणाले नाहीत. मला तेवढं पुरलं.

आता जुनं थोडं लिहिते. तू ते तुझ्या सोयीनं आठवत असशील, म्हणून माझ्या बाजूनं लिहिते.

मष्णूमामानं जहाजावरून तो खोका आणला, तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कच्च्या लाकडाचं धड, मान, तारा, त्यांचा आवाज उचलणारा पिकअप, तारा आवळायच्या चार चाव्या आणि स्क्रूची पिशवी. घरी जोडून घ्यायची बेस गिटार. सोबतच्या कागदावरची भाषा आपल्यापैकी कुणालाच येत नव्हती, म्हणून आपण चित्रं बघून जोडली. लाकूड तू घासलंस. पिकअपच्या वायरी मी डागल्या, आणि त्या अजून सुटलेल्या नाहीत. निळा ऑइलपेंट दोघांनी मिळून मारला आणि वाळायच्या आधीच तू हात लावलास. तुझ्या अंगठ्याचा ठसा मागच्या बाजूला अजून आहे. कोल्हापूरच्या स्टेजवर 'ही गिटार मी एकट्यानं बनवली होती' असं तू माईकवरून सांगतोस, हे मला तिथं ऐकलेल्या दोघांनी सांगितलं.

तू स्टेजवर वाजवायचास, मी घरात. दर जयंतीला तू म्हणायचास, पुढल्या वर्षी तू. मला ते खरं वाटायचं. शेवटी चौऱ्याऐंशी साली आप्पांनीच मंडपात उभं राहून सांगितलं की यंदा माझी लेक वाजवणार. आपल्या वस्तीत तोवर कुठलीही मुलगी वाद्य घेऊन स्टेजवर चढलेली नव्हती. मला वाटत होतं, मी चढले की माझ्यामागून दहा जणी चढतील. तेव्हा मी अशीच होते. अजून आहे बहुतेक.

जयंतीच्या सकाळी तू पहिल्या एस.टी.नं गेलास. बेस खुंटीवर होता. त्याच्या डोक्याला चार रिकामी भोकं होती आणि तारा खाली लोंबत होत्या. खाली कट्ट्यावर पेपरच्या पुडीत स्क्रू बांधून ठेवलेले होते. कोल्हापूरच्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडं गिटार होती पण तिच्या चाव्या मोडल्या होत्या, आणि चाव्या घेऊन येणाऱ्यालाच ते घेणार होते, हे आम्हाला नंतर कळलं. अख्खी गिटार नेली असतीस तर मी तुला चोर म्हणून मोकळी झाले असते. तू फक्त तेवढंच नेलंस, ज्याच्याशिवाय ती वाजत नाही. आणि वर स्क्रू ठेवून गेलास. ती पुडी मला सगळ्यात जास्त लागली. बहिणीची थट्टा करायची तर इतकी नीट पुडी बांधून करायची?

नाव पुकारून झालं होतं. आप्पा म्हणाले, नुसती गळ्यात अडकवून उभी ऱ्हा, मी निभावतो. मी उभी राहिले. तारा लोंबणारी गिटार घेऊन. पुढच्या रांगेतून भरमू ओरडला, "गंगव्वा, परातीत पीठ हाय न्हवं? घे मळायला." सगळा मंडप हसला. आप्पांनी गाणं अर्ध्यावर सोडलं आणि पेटीचा भाता मिटला. त्यानंतर ते एकदाही स्टेजवर बसलेले नाहीत. घरात गुणगुणतात, आणि कुणी आलं की थांबतात.

चार चाव्यांबरोबर तू हेही नेलंस. म्हणून तू यायला हवास.


बेळगाव, खासबाग, रविवार, २३ मार्च

इथल्या शाळेत शिकवते म्हणून नागुआत्याकडं राहते, तिथूनच कणकुंबीला जाऊन आले. मष्णूमामा आता गावीच असतो, जहाज सोडलंय, गुडघ्यानं दगा दिलाय. तोंडाचं मात्र तसंच चालू आहे. मी महिन्याभरापूर्वीच त्याला पत्र टाकलं होतं. मुकाबल्याची बातमी यायच्या आधी, हे लक्षात घे. मी काही तुझ्या निरोपाची वाट बघत बसले नव्हते.

जांबोटीच्या पुढं बसमध्ये मी आणि दोन शेळ्या राहिलो. मामा स्टॉपवर काठी टेकून उभा होता. घरी नेऊन त्यानं फडताळातून फडक्यात गुंडाळलेलं काही काढलं. गोव्यात इंग्रजी गाण्यांच्या बीट ग्रुपमध्ये वाजवणारा त्याचा एक जुना ओळखीचा होता, त्यानं वाजवणं सोडून हॉटेल काढलं. त्याच्या मोडक्या बेसवरून मामानं चाव्या उतरवून आणल्या होत्या.

"बग बाय, लोखांड झ्याक हाय. तेलात ठेवलंतं." त्यानं एक चावी फिरवून दाखवली. बाजूच्या कांडीचे आटे फिरले की दातेरी चाक सावकाश फिरायचं आणि त्याच्याबरोबर तार गुंडाळायची दांडी. जराही ढिलेपणा नाही. तुझ्या त्या जुन्या चाव्यांत होता, आठवतं?

"भीमसेन परत आला व्हय घरला?" मामानं विचारलं.

"न्हाय मामा. ह्या मला पाहिजेत."

"आन तो?"

"तो ऐकायला येणार हाय."

मामा मोठ्यानं हसला. मग हसू आवरून म्हणाला, "लई राग धरलायस गं पोरी." मी म्हटलं, व्हय. यात लपवण्यासारखं काय आहे? त्यानं मला फणस दिला, चाव्या माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवल्या, आणि बसमध्ये बसेपर्यंत जहाजावरच्या गोष्टी सांगत राहिला. तुझं नाव परत काढलं नाही.


बेळगाव, खासबाग, रविवार, ६ एप्रिल

चाव्या बसवल्या. गेल्या आठवड्यात जे झालं ते क्रमानं लिहिते.

बेस निपाणीहून मी पोत्यात घालून आणला होता. नागुआत्याच्या खोलीत पाट पालथा घातला आणि त्यावर त्याची मान टेकवली. आजूबाजूला सगळीकडं मागांची खटखट, त्यामुळं माझ्या ठोकाठोकीबद्दल कुणी तक्रार केली नाही. आत्या निवडायला तांदूळ घेऊन समोर बसली.

पहिली अडचण, दांड्या जाड होत्या. जुन्या भोकांत शिरेनात. गोल कानस घेऊन भोकं मोठी करायला हवी होती. कानस भोकात घातली आणि मी थांबले. लाकडाचं भोक एकदा मोठं केलं की परत लहान होत नाही. तोवर माझ्या मनात कुठंतरी असं असावं की एक दिवस तू त्या जुन्या चाव्या घेऊन येशील आणि आपण त्या परत बसवू. हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आत्या म्हणाली, "काय गं, दमलीस?" मी नाही म्हटलं आणि घासायला लागले. चारही भोकं सारखी मोठी केली. लाकडाचा भुसा साडीवर पडला तो झटकला.

नव्या चाव्या ज्या पट्टीवर बसतात तिची स्क्रूची भोकं जुन्यांशी जुळत नव्हती. बांबूच्या बारीक काड्या सरसात बुडवून जुन्या भोकांत ठोकल्या, वाळू दिल्या, वर आलेलं पात्यानं कापून टाकलं. मग पट्टी ठेवून पेन्सिलीनं खुणा केल्या आणि गिरमिटानं नवी भोकं पाडली. गिरमिट घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं विचारलं, "यारिगे, बाई?" कुणासाठी म्हणून. मी "ननगे," म्हटलं, माझ्यासाठीच. तर तो माझ्या हातांकडं बघून हसला. स्क्रू तुझेच वापरले. ती पुडी मी जपून ठेवली होती.

मग तारा चढवल्या. जाड तारेचं टोक दांडीच्या मधल्या भोकात खुपसलं, वाकवलं, वेढे वरून खाली नीट एकाखाली एक येतील असे धरले, आणि चावी फिरवली. तार आवळायच्याऐवजी सुटायला लागली. मला वाटलं, वेढे उलटे दिले. उतरवली, परत चढवली, परत तेच. तिसऱ्यांदा केलं तेव्हा टोकाची तार पिंजली आणि बोटात घुसली. खरं सांगते, मी रडले. शाळेत पोरींना यंत्रांचे धडे शिकवणारी बाई, आणि मला चार चाव्या बसवता येईनात.

बोट चोखत बसले असताना कांडीकडं लक्ष गेलं. जुन्या चाव्यांची कांडी चाकाच्या ज्या बाजूला होती, या चाव्यांची त्याच्या विरुद्ध बाजूला आहे. गोव्याचा तो वाजवणारा डावखुरा असणार. डावखुऱ्याच्या गिटारीचं सगळंच आरशातल्यासारखं असतं. आपल्या उजव्या गिटारीवर बसवल्या की या चाव्या उलट्या फिरतात. आवळायला जाल तर सुटते, सोडायला जाल तर आवळते.

"आत्या, ह्या उलट्या फिरतात."

"मग तू बी उलटी फिरीव. त्यात रडायचं काय?"

उलटी फिरवली. तार सुरात आली आणि तिथंच राहिली. जेवण होईपर्यंत राहिली, संध्याकाळी येऊन बघितलं तरी तिथंच. माझ्या हाताला दोन दिवसांत सवय झाली.

अण्णा, इथपर्यंत यात वाईट काही नव्हतं. मी सरळ मनानं चाव्या आणल्या आणि सरळ मनानं बसवल्या. पुढचं माझ्या मनात आज दुपारी आलं, आणि आल्यावर मी ते घालवलं नाही.

तुझी एक लकब होती. जुन्या चाव्यांत ढिलेपणा असल्यानं जाड तार प्रत्येक गाण्यानंतर किंचित उतरायची. म्हणून नवं गाणं सुरू व्हायच्या आधी तू त्या चावीला अर्धा फेरा द्यायचास. तार न छेडता, न ऐकता, तोंड लोकांकडं करून. लोकांना ती ऐट वाटायची. आप्पा दर वेळी म्हणायचे, आधी ऐक, मग फिरीव. तू म्हणायचास, माझ्या बोटांस्नी म्हाईत हाय.

चौदा तारखेला तुझ्या बोटांना काय माहीत आहे ते बघू.


निपाणी, रविवार, १३ एप्रिल

बेस घरी आणला आहे. कोपऱ्यात उभा आहे, सुरात आहे. उद्या दुपारी चारला.

मी काय करणार आहे ते साफ लिहिते. मी काहीच करणार नाही. बेस तुझ्या हातात देताना तो सुरात असेल. तू तार एकदा छेडून ऐकलीस तर तुला कळेल की फिरवायची गरजच नाही, आणि तू नेहमीसारखा वाजवून जाशील. तू विचारलंस, 'चाव्या कुणी बसवल्या? कशा फिरतात?', तर मी सांगेन. तुझ्यासाठी हे दोन दरवाजे मी उघडे ठेवले आहेत. ऐकायचं, नाहीतर विचारायचं. आपल्या घरात तू कधीच ते केलं नाहीस, हा माझा दोष नाही.

वर्गात मी मुलींना सांगते की अन्याय झाला तर समोर उभं राहून बोलावं, मनात डंख धरू नये. त्या मुलींनी हे वाचलं तर मला काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. मी समोर बोलले असते तर तू ऐकून घेतलं असतंस आणि 'पुढल्या वर्षी' म्हणाला असतास.

आप्पांना सांगावं लागलं. त्यांनी बेस हातात घेऊन चावी फिरवून बघितली आणि लगेच त्यांच्या ध्यानात आलं.

"उलट्या हायत."

"व्हय आप्पा. अण्णाला सांगू नका."

त्यांनी पेटीवरचं फडकं काढलं, त्याची घडी घातली, परत पसरलं. मग म्हणाले, "त्यानं इचारलं तर सांगीन. न्हाय इचारलं तर न्हाय."

आई चुलीपुढून बोलली, "दोगं मिळून काय खलबत करालाय? पोरगं दोन वर्सांनी येतंय. मी भाकऱ्या थापून ठेवणार हाय त्याच्यासाटनं."

"ठेव की," आप्पा म्हणाले. "भाकरीला कोण नगं म्हणतंय?"


निपाणी, मंगळवार, १५ एप्रिल

काल जे घडलं ते तू बघितलंस. तरी लिहिते. मी खाली उभी होते आणि तू वर, त्यामुळं आपण एकच गोष्ट बघितली नाही.

मंडपात उन्हाचे पट्टे पडले होते. बायका पुढं बसल्या होत्या, त्यात माझ्या जुन्या शाळेच्या पोरी होत्या. पाहुण्यांचा पहिला मान. निवेदकानं पुकारलं, "कोल्हापूरचे सुप्रसिद्ध बेसवादक, सेनकुमार." मला क्षणभर कळलंच नाही की तो तू. नावातला भीम कुठं उतरवून ठेवलास, अण्णा? आणि तो न घेता जयंतीच्याच दिवशी आलास?

चकचकीत शर्ट घालून तू वर आलास. भीमाप्पा काकांनी बेस तुझ्या हातात दिला. तू त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवलास. नव्या चाव्या तुला दिसल्या. तू थांबलास. मी पायऱ्यांच्या बाजूला कनातीचा दोर धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, विचार. खरंच म्हणत होते. तुला खाली पाडायला आले होते, आणि तरी म्हणत होते, एकदा विचार. तू आप्पांकडं बघितलंस. आप्पा पेटीमागं बसून तुझ्याकडं बघत होते. त्यांचे ओठ हललेले मला दिसले, पण तू तोवर लोकांकडं तोंड केलं होतंस. हसलास, आणि जाड तारेच्या चावीला अर्धा फेरा दिलास.

गाणं सुरू झालं. तुझा पहिलाच सूर खाली पडला. गाणाऱ्यानं मान वळवली. तू चावी आणखी फिरवलीस, त्याच बाजूला. सूर आणखी उतरला. ढोलकीवाला थांबावं की वाजवावं या पेचात पडला. तू घामेजलास आणि जोरात फिरवलीस. मग तार सैल होऊन पिकअपवर आपटायला लागली आणि लाउडस्पीकरमधून नुसतं धब, धब ऐकू यायला लागलं.

पुढच्या रांगेतून भरमू उठला. "अवं सेनकुमार, तार आवळा. पायजम्याची नाडी सोडाय लागलाय काय?"

मंडप हसला. दोन वर्षांपूर्वी हसला होता तसाच, त्याच माणसाच्या शब्दावर. मला वाटलं होतं की तो आवाज ऐकून मला थंड वाटेल. वाटलं. खोटं कशाला लिहू? अगदी पोटापर्यंत थंड वाटलं. नंतर काय वाटलं ते माझं मी बघेन.

मी पायऱ्या चढून वर आले. तू दबक्या आवाजात विचारलंस, "गंगे, काय केलंस?"

"चाव्या बसवल्या."

पट्टा तुझ्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला. तू हात वर केलेस, काढू दिलास. मी लोकांकडं तोंड करून उभी राहिले आणि तार सुरात आणली. उलटी, सावकाश, दर वेळी छेडून, ऐकून. पुढं बसलेल्या पोरी मान लांब करून बघत होत्या. मग बेस तुझ्यापुढं धरला. "घे. सुरात हाय."

तू बेसकडं बघितलंस. "तूच वाजीव," म्हणालास, आणि मागं सरकलास.

म्हणून तुझ्या पार्टीच्या गाण्यांना मी वाजवलं. तुझ्या गायकानं सूर सांगितला, मी बोटं ठेवली. एका ठिकाणी चुकले, बोट सोलवटलेलं होतं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर आप्पांनी भाता उघडला. खाकरले. आणि दोन वर्षांत प्रथमच स्टेजवर गायले, माझ्या बेसवर. तुझा निरोप खरा झाला बघ. एकच बेस, दोन्ही पार्ट्यांस्नी झाला.

कमिटीनं काय निकाल दिला ते तुला माहीत आहे. मला त्याचं काही नव्हतं.

तू जेवायला यायच्या आधी आई घरी माझ्याकडं पाठ करून बसली. भाकऱ्या तशाच टोपलीत झाकलेल्या होत्या. शेवटी म्हणाली, "चार मानसांत भावाची अशी फजिती करत्यात व्हय?"

"माझी केली तवा तू त्याला काय म्हणालीस, आये?"

तिनं टोपलीवरचं फडकं नीट केलं.

आता त्याच्या आधीचं, मंडपामागच्या नळाचं. तू तोंड धुत होतास. मी बादली घ्यायला आले होते, तुला भेटायला नाही. तू तोंड पुसत पुसत विचारलंस, "कुणी बसवल्या त्या?"

"मीच."

"उलट्या हायत हे सांगायचं न्हवतंस?"

"तू इचारायचं न्हवतंस?"

मग तू खिशातून रुमालाची गाठ काढलीस आणि सोडून माझ्यापुढं धरलीस. आत त्या चार होत्या. तेल लावून पुसलेल्या. "आमच्या बेसाला मालकानं नव्या घेतल्यात. ह्या परत द्यायला आणल्यात. देणारच हुतो. स्क्रू ठेवून गेलतो न्हवं, परत बसवायला."

अण्णा, ती पुडी मी दोन वर्षं थट्टा म्हणून जपली. तू ती परत यायचं म्हणून ठेवली होतीस म्हणतोस. असेलही. मला आता ते खरं वाटतं, आणि खरं वाटूनही राग गेलेला नाही. परत द्यायच्या होत्या तर एवढा काळ तू कुठं होतास? आणि परत द्यायला आला होतास तर 'बेस वाजवणारं कोण हाय' असा निरोप कशाला धाडलास? या दोन्ही गोष्टी तूच केल्या आहेत. त्यातली कुठली धरायची ते मी ठरवणार नाही.

मी तुला म्हणाले, "न्हाय बसायच्या." तू म्हणालास, "का? त्याच हायत की." मी तुला बेसाजवळ नेलं. तू एक जुनी चावी दांडीजवळ धरून बघितलीस आणि तुला कळलं. भोकं मी मोठी केली आहेत. तुझ्या चाव्यांच्या दांड्या त्यांत आता खुळखुळतील, तार पेलणार नाहीत. तू रुमालाला परत गाठ मारलीस. तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता ते मी लिहिणार नाही. मी तो बघितला, आणि नजर वळवली नाही.

आई तुला हाक मारत होती. तू जेवून गेलास, बरं केलंस.

हे पत्र भरमूकडं देते आहे, तो उद्या कोल्हापूरला जाणार आहे. त्यानं ते वाटेत फोडून वाचलं तरी मला चालेल.

आज आप्पांनी भीमाप्पा काकांना सांगून टाकलं आहे की पुढच्या जयंतीलाही आपली पार्टी बसणार. सकाळी दोन पोरी घरी आल्या होत्या, एकीला पेटी शिकायची आहे, एकीला बेस. बेसवाल्या पोरीला मी आधी नुसती तार छेडून ऐकायला बसवलं आहे. चावीला हात लावू दिलेला नाही.

पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या पार्टीला बोलावणं येईल. ये. रीत तीच आहे, साज आमचाच असेल, आणि चाव्या याच असतील. कुठल्या बाजूला फिरतात ते आता तुला कळलं आहे. पण तू वर चढलास की मी पायऱ्यांपाशीच उभी असेन, आणि तू आधी ऐकतोस की नाही तेवढंच बघेन.

तुझी धाकटी बहीण,
गंगव्वा आण्णाप्पा, बी.एस्सी.